बिल्जचं तेलकट पाणी: टाकीपासून ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हपर्यंत

इंजिन रूममध्ये नव्याने रुजू झालात की कधी ना कधी ऑइली वॉटर सेपरेटर, म्हणजे बिल्जमधल्या (इंजिन रूमच्या तळाशी गळती साचते त्या जागेतल्या) पाण्यातून तेल वेगळं करणारं यंत्र, तुमच्या गळ्यात पडतोच. सोबत एक जाडजूड मॅन्युअल मिळतं आणि आधीच्या माणसाची घाईघाईची हँडओव्हर नोट. मॅन्युअल यंत्राबद्दल सगळं सांगतं, पण यंत्रात येणारं पाणी कुठून आलं, ते कसलं आहे आणि आज ते सोडायचं की थांबायचं, याबद्दल त्यात फारसं काही नसतं. नव्या माणसाची दमछाक होते ती नेमकी इथे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. सेपरेटर हा शेवटचा टप्पा आहे. पाणी स्वच्छ करण्याचं निम्म्याहून जास्त काम त्याआधी, बिल्जमध्ये आणि टाकीत होतं. ते झालं नसेल तर जगातला कुठलाही सेपरेटर अलार्म वाजवत बसतो, आणि तुम्ही त्याच्यासमोर पाना घेऊन.

मर्यादा आहे १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पंधरा भाग तेल. एक घनमीटर पाण्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा. हे प्रमाण डोळ्यासमोर ठेवा. पंपाच्या सीलमधून रात्रभर टिपकणारं तेल या हिशेबात किती मोठं आहे, ते लगेच कळतं.

१. आधी नियम समजून घ्या

मार्पोल या जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचं तेलाबद्दलचं पहिलं परिशिष्ट २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू आहे. ४०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना इंजिन रूमचं बिल्ज पाणी सोडायचं तर या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात:

- जहाज मार्गस्थ असलं पाहिजे. बंदरात किंवा नांगरावर उभं असताना नाही.
- पाणी मान्यताप्राप्त फिल्टरिंग उपकरणातून गेलं पाहिजे.
- बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेल १५ पीपीएमपेक्षा जास्त नको, आणि तेही पाणी मिसळून पातळ न करता.
- टँकरवर असाल तर हे पाणी कार्गो पंप रूमच्या बिल्जमधलं नको आणि त्यात कार्गोचे अवशेष मिसळलेले नकोत.

१०,००० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांवर १५ पीपीएमचा अलार्म आणि आपोआप डिस्चार्ज थांबवणारी यंत्रणा सगळीकडे बंधनकारक आहे. विशेष क्षेत्रात, म्हणजे जिथे मार्पोलचे नियम जास्त कडक आहेत अशा समुद्रात, सोडायचं असेल तर ती ४०० टनांवरच्या लहान जहाजांनाही लागते. भूमध्य समुद्र, बाल्टिक, काळा समुद्र ही जुनी विशेष क्षेत्रं. तांबडा समुद्र आणि एडनच्या आखातात विशेष क्षेत्राचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले, त्यामुळे जुने तक्ते भिंतीवर लावले असतील तर बदलून घ्या. अंटार्क्टिक क्षेत्रात काहीच सोडता येत नाही. आर्क्टिकमध्येही पोलर कोडमुळे (ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांचे नियम) २०१७ पासून तेच.

इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो: “बारा मैलांच्या बाहेर गेलो की झालं.” १५ पीपीएमच्या आजच्या नियमात बारा मैलांची अट नाही. ती जुन्या नियमातून आलेली आठवण आहे. तेव्हा बारा मैलांपलीकडे १०० पीपीएमपर्यंत सवलत होती. आज ‘बारा मैल’ ऐकू येतं ते बहुधा कंपनीच्या स्वतःच्या धोरणातून. ते धोरण पाळायचंच, पण बारा मैलांपलीकडे गेल्याने १५ चे १६ होत नाहीत. शिवाय काही किनारी देशांचे नियम आणखी कडक असतात. ब्रिजवरून परवानगी घेताना हे विचारून घ्या.

स्लजचा, म्हणजे इंधन आणि तेल साफ करताना उरणाऱ्या तेलकट गाळाचा, नियम तर एका ओळीचा आहे: स्लज समुद्रात जात नाही. इन्सिनरेटर, स्लज जाळू शकणारा बॉयलर किंवा किनाऱ्यावरची रिसेप्शन सुविधा, असे रस्ते आहेत. टँकरच्या कार्गो भागातल्या स्लॉपचे, म्हणजे कार्गो टाक्यांमधल्या तेलकट पाण्याचे, नियम वेगळे आहेत (किनाऱ्यापासून ५० मैलांपलीकडे, दर सागरी मैलाला ३० लिटरपर्यंत वगैरे). ते काम डेकचं, त्याची इंजिन रूमच्या बिल्जशी सरमिसळ करू नका.

२. कागदपत्रं आणि साहित्य

जॉइन झाल्यावर पहिल्या काही दिवसांत हे सगळं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा:

- आयओपीपी (तेल प्रदूषण प्रतिबंधाचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र आणि त्याची पुरवणी. टँकर सोडून इतर जहाजांना फॉर्म ए, टँकरला फॉर्म बी. पुरवणीतल्या कलम ३.१ मध्ये स्लजच्या टाक्या आणि ३.३ मध्ये बिल्जच्या होल्डिंग टाक्या क्षमतेसह दिलेल्या असतात.
- ऑइल रेकॉर्ड बुक (तेलाशी संबंधित कामांची अधिकृत नोंदवही), भाग १. शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं ते जपून ठेवावं लागतं, म्हणजे जुनी पुस्तकंही जहाजावर हवीत.
- सेपरेटर आणि १५ पीपीएम मॉनिटर (बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं तेल मोजणारं यंत्र) या दोन्हींची टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्रं. १ जानेवारी २००५ पासून बसवलेल्या यंत्रांना आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) एमईपीसी १०७(४९) हा ठराव लागू होतो.
- मॉनिटरच्या अचूकतेचं प्रमाणपत्र. तारीख तपासा, आयओपीपीच्या नूतनीकरणाच्या सर्व्हेला हे हमखास विचारलं जातं.
- स्लज किंवा बिल्ज किनाऱ्यावर दिल्याच्या पावत्या.
- बिल्ज पाइपिंगचा आराखडा, टाक्यांचे साउंडिंग टेबल (मोजलेल्या पातळीवरून टाकीत किती द्रव आहे ते सांगणारे तक्ते) आणि रोजची साउंडिंगची वही.

साहित्य फार लागत नाही. साउंडिंग टेप, पाणी ओळखणारी पेस्ट, स्वच्छ काचेच्या पाच-सहा बाटल्या, चांगला टॉर्च, मॉनिटरची काच साफ करायचा लहान ब्रश, फिल्टरचे सुटे घटक, ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हसाठी (पाणी समुद्रात सोडणारा व्हॉल्व्ह) नंबर असलेली सीलं. आणि गॅस मीटर. बराच काळ साचलेल्या बिल्ज आणि स्लजच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. त्यामुळे वास नाही म्हणून टाकीत डोकं घालायचं नाही.

आराखडा हातात घेऊन प्रत्यक्ष पाइप एकदा पायी फिरून बघा. फ्लोअर प्लेट उचला. बिल्ज पंपापासून सेपरेटर, तिथून थ्री-वे व्हॉल्व्ह (पाणी बाहेर किंवा परत टाकीत वळवणारा) आणि पुढे ओव्हरबोर्डपर्यंत बोट फिरवत जा. आराखड्यात नसलेला एखादा ब्लँक फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती), नवा रंग दिलेला पाइपचा तुकडा किंवा विनाकारण झिजलेले बोल्ट दिसले तर त्याच दिवशी चीफ इंजिनिअरना सांगा. बंदरात तपासणीला येणारा अधिकारी बरोबर हेच शोधतो.

३. बिल्जमध्ये काय पडतंय ते शोधा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

बिल्जमधलं सगळं पाणी सारखं नसतं. समुद्राच्या पाण्याच्या पंपाच्या ग्लँडमधून गळणारं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. मुख्य इंजिनच्या एअर कूलरमधून निघणारं कंडेन्सेटही तसंच. दमट हवेत मोठ्या इंजिनचं हे पाणी दिवसाला कित्येक टन भरतं. ज्या जहाजांवर या स्वच्छ पाण्याला वेगळी टाकी आहे, तिथे ती नीट वापरली जाते का ते बघा. स्वच्छ पाणी एकदा तेलकट बिल्जमध्ये पडलं की ते सगळंच तेलकट, आणि मग चार टनांऐवजी दहा टन सेपरेटरमधून काढत बसा.

उलट, काही पाणी थोडंच असतं पण सगळी टाकी नासवतं. त्यातले नेहमीचे अपराधी:

एअर कॉम्प्रेसरचं ड्रेन. दिसायला दुधासारखं, कारण दाबाखाली तेल आणि पाणी एकमेकांत इतकं घट्ट मिसळलेलं असतं की ते सहजासहजी वेगळं होत नाही. हे बिल्जमध्ये जाऊ देऊ नका. वेस्ट ऑइलच्या टाकीत घ्या.

डिग्रीझर आणि साबण. प्लेट धुवायला कोणीतरी बादलीभर केमिकल ओततो, प्लेट चकाचक होते आणि पुढचा आठवडाभर सेपरेटर हात टेकतो. डिटर्जंट तेलाच्या थेंबांभोवती आवरण तयार करतं आणि त्यांना एकत्र येऊच देत नाही. ‘लवकर वेगळं होणारं’ असं लिहिलेलं केमिकल वापरा आणि तेही मोजून. नुसतं ‘पर्यावरणपूरक’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ते पाण्यात विरघळून तेलालाच धरून ठेवणारं असू शकतं. वायपर आणि मोटरमन या इंजिन रूममधल्या कामगारांना हे समजावून सांगा, कारण बादली त्यांच्या हातात असते. नुसतं “जास्त टाकू नका” म्हणून भागत नाही. का, तेही सांगा. कारण कळलं की तेच लोक दुसऱ्याला अडवतात.

काजळी. टर्बोचार्जर किंवा इकोनोमायझर (धुरातली उष्णता वापरणारा बॉयलर) धुतल्याचं काळं पाणी बिल्जमध्ये आलं तर काजळीचे बारीक कण तेलाचे थेंब धरून ठेवतात आणि फिल्टर बघता बघता चोंदतो. हे पाणी वेगळं साठवा.

कूलिंग वॉटरमधली रसायनं आणि बॉयलर ब्लोडाउन (बॉयलरमधून काढून टाकलेलं पाणी) हेही त्याच यादीत. प्युरिफायरचं (इंधन आणि तेल साफ करणारं यंत्र) ऑपरेटिंग वॉटर स्लजच्या टाकीत जातं की बिल्जमध्ये, तेही पाहून ठेवा.

रोज एक फेरी याच कामासाठी मारा. कुठल्या सेव्ह-ऑल ट्रेमध्ये (यंत्राखालचा गळती धरणारा ट्रे) काय साचलंय, कुठला सील गळतोय. गळका सील बदलायला एक तास लागतो. त्याचं तेल बिल्जमधून वेगळं करायला कित्येक तास.

४. टाकीत पाणी निवळू द्या

तेल पाण्यावर तरंगतं हे सगळ्यांना माहीत असतं. किती वेळात वर येतं, हे मात्र थेंबाच्या आकारावर ठरतं, आणि तो हिशेब थक्क करणारा आहे. वर चढायचा वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब स्थिर पाण्यात एक मीटर वर यायला साधारण अर्धा तास घेतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढंच अंतर कापायला दोन दिवस लागतात. (तेल पाण्यापेक्षा दर घनमीटरला १०० किलोने हलकं आणि पाणी साधारण तापमानाचं धरलं तर.)

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, थेंब फोडू नका. जोरात फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी घुसळून मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतो. म्हणूनच सेपरेटरला सावकाश ढकलणारा स्क्रू किंवा पिस्टन प्रकारचा पंप देतात, आणि कित्येक यंत्रांमध्ये तो सेपरेटरच्या नंतर बसवतात, म्हणजे पाणी आधी वेगळं होतं आणि मग पंपातून जातं. मोठा जनरल सर्व्हिस पंप लावून “लवकर उरकू” म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दुसरी, वेळ द्या. बिल्ज वेलमधलं (बिल्जमधले पाणी साचायचे खड्डे) पाणी होल्डिंग टाकीत घेतल्यावर लगेच सेपरेटर लावू नका. किमान एक दिवस तरी, जमलं तर जास्त. दोन टाक्या असतील तर एक निवळत असताना दुसरी भरायची. आयएमओने २००८ मध्ये सुचवलेल्या एकत्रित बिल्ज व्यवस्थेची कल्पना हीच आहे: आधी प्राथमिक टाकीत तेल वर काढा, मग खालचं पाणी होल्डिंग टाकीत, मग सेपरेटर.

तिसरी, गरम करा, पण बेतानं. ६० अंशांना पाण्याचा दाटपणा २० अंशांच्या मानाने निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे थेंब दुपटीहून वेगाने चढतात. टाकीला हीटिंग कॉइल असेल तर ४० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवा आणि सेपरेटर उत्पादकाची मर्यादा बघा. त्यापुढे तापवून काही हाती लागत नाही.

आता बाटलीची चाचणी. होल्डिंग टाकीच्या सॅम्पल कॉकमधून काचेच्या बाटलीत पाणी घ्या, तासभर हलवू नका आणि मागून टॉर्च धरा. वर तेलाचा पट्टा, खाली गाळ आणि मधे पारदर्शक पाणी दिसलं तर काम सोपं आहे. मधला भाग चहाच्या रंगाचा पण आरपार दिसणारा असेल तर बहुधा गंज आहे. दुधी, अपारदर्शक दिसत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर ते इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण. अशा पाण्यावर सेपरेटर चालवून फिल्टर वाया घालवू नका.

५. चालू करण्यापूर्वी

ब्रिजला फोन करा. जहाज मार्गस्थ आहे ना, विशेष क्षेत्र आहे का, मनाई असलेला भाग नाही ना, पोझिशन काय. चीफ इंजिनिअरची परवानगी घ्या, ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हचं सील काढा आणि त्याचा नंबर लिहून ठेवा.

टाकीचं साउंडिंग घ्या, ट्रिमचा (जहाज पुढे-मागे झुकण्याचा) आणि बाजूला कलण्याचा हिशेब धरून. नुसत्या सेंटीमीटरवर भरवसा ठेवलात तर शेवटी आकडे जुळणार नाहीत.

मग सेपरेटर स्वच्छ पाण्याने पूर्ण भरा. ही पायरी गाळली की आत हवा राहते, तेलाची पातळी ओळखणारे प्रोब गोंधळतात आणि कोरड्या प्लेटवर तेल चिकटून बसतं. वरच्या टेस्ट कॉकमधून पाण्याची सलग धार आली म्हणजे भरला.

मॉनिटर ताज्या पाण्याने फ्लश करा आणि आकडा शून्याजवळ येतो का बघा. येत नसेल तर सेलच्या आतली काच मळलेली आहे. ब्रश दोन-तीन वेळा आत फिरवून बाहेर काढा. ब्रशवर तपकिरी थर दिसेल. बहुतेक मॉनिटर प्रकाश विखुरण्यावर चालतात, त्यामुळे काचेवरचा हा थर त्यांना तेलच वाटतो. नवीन फिल्टर मागवण्याआधी हा ब्रश फिरवा.

थ्री-वे व्हॉल्व्ह तपासा. मॉनिटरवर अलार्म आणल्यावर तो लगेच फिरून पाणी परत टाकीत वळवतो का? एमईपीसी १०७(४९) नुसार तेल १५ पीपीएमवर गेल्यापासून डिस्चार्ज थांबेपर्यंत एकूण २० सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. वीज किंवा कंट्रोल एअर गेली तरी व्हॉल्व्ह टाकीकडेच वळला पाहिजे.

६. चालवताना

आधी रिसर्क्युलेशनवर, म्हणजे पाणी बाहेर न सोडता परत टाकीत वळवत, दहा-पंधरा मिनिटं चालवा. आकडा स्थिर झाला की मगच ओव्हरबोर्ड उघडा.

आत काय चाललंय ते थोडक्यात: पहिल्या टप्प्यात पाणी प्लेट किंवा जाळीदार माध्यमातून सावकाश जातं, बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वरच्या घुमटात जमतात. तेलाची पातळी खालच्या प्रोबपर्यंत आली की तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ते वेस्ट ऑइलच्या टाकीत जातं. उरलेले बारीक थेंब दुसऱ्या टप्प्यातला फिल्टर पकडतो. मग नमुना मॉनिटरला आणि पाणी बाहेर.

सोडून जाऊ नका. यंत्र स्वयंचलित असलं तरी अधूनमधून नमुना हाताने काढून उजेडात बघा, फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब लिहून ठेवा. दाबातला फरक वाढत चालला की फिल्टर संपत आलाय. टाकीची पातळी सक्शनपर्यंत उतरू देऊ नका, कारण वर तरंगणारं तेल शेवटी येतं आणि एका झटक्यात सगळा सेपरेटर माखतो. टाकी कधीच पूर्ण रिकामी करायची नाही. तळाशी उरलेलं पाणी आणि वरचं तेल दुसऱ्या टाकीत घ्या.

एका सापळ्याबद्दल नीट ऐका. मॉनिटरला फ्लशिंगसाठी ताज्या पाण्याची लाइन असते. ती ‘थोडीशी’ उघडी ठेवली की आकडा खाली येतो. नमुन्याच्या लाइनचा कॉक अर्धा बंद केला तरी आकडा फसवा होतो. हे चुकून झालं म्हणून कोणी ऐकून घेत नाही. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेस कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलर दंड मान्य केला. जहाजांमधून जाणूनबुजून केलेल्या प्रदूषणासाठी तोवरचा हा सगळ्यात मोठा फौजदारी दंड होता. सेपरेटर टाळून पाणी थेट बाहेर काढणारा ‘मॅजिक पाइप’ आणि मॉनिटरला फसवायला सोडलेलं स्वच्छ पाणी, असा तो प्रकार. तो उघड केला नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने. असं काही करायचा हुकूम तुम्हाला मिळालाच तर कंपनीच्या डेझिग्नेटेड पर्सनचा (सुरक्षा आणि प्रदूषणाच्या बाबतीत थेट संपर्क करायचा किनाऱ्यावरचा अधिकारी) नंबर जहाजावर लावलेला असतो. तोंडी हुकमावर सही तुमची पडते, हे विसरू नका.

थांबवताना क्रम उलटा: ओव्हरबोर्ड बंद, सेपरेटर आणि मॉनिटर स्वच्छ पाण्याने फ्लश, पुन्हा साउंडिंग, नवीन सील, त्याचा नंबर.

७. अलार्म थांबतच नसेल तर

घाबरून एकाच वेळी सगळं उघडू नका. या क्रमाने जा:

मॉनिटर फ्लश केल्यावर शून्याजवळ येतो का? नाही, तर काच किंवा मॉनिटरच. येत असेल तर बाहेर जाणाऱ्या पाण्याची बाटली उजेडात धरा. पाणी स्वच्छ दिसतंय पण आकडा जास्त आहे, तर गंजाचे कण किंवा हवेचे बुडबुडे. सक्शन लाइनमध्ये कुठे हवा ओढली जाते का ते बघा. पाणी तेलकट दिसत असेल तर पहिल्या टप्प्यातलं तेल हाताने बाहेर काढा, गरम पाण्याने बॅकफ्लश करा, मग फिल्टर. आणि दुधी दिसत असेल तर थांबा. ते पाणी वेगळ्या टाकीत घ्या, तापवून निवळू द्या, किंवा सरळ किनाऱ्यावर द्या. इमल्शन फोडणारी केमिकल मिळतात, पण मात्रा जास्त झाली तर उलटा परिणाम होतो. आधी बाटलीत करून पाहा.

यंत्र खरंच बिघडलं असेल तर ओव्हरबोर्ड सील करा, रेकॉर्ड बुकमध्ये कोड एफ खाली वेळ आणि कारण लिहा, कंपनीला कळवा. दुरुस्त झाल्यावर ती वेळही लिहा. बिघाड लपवण्यापेक्षा लिहिणं केव्हाही सोयीचं. बिघाड हा गुन्हा नाही, खोटी नोंद आहे.

८. ऑइल रेकॉर्ड बुक

इथे हस्ताक्षरापेक्षा हिशेब बघितला जातो. सेपरेटरमधून पाणी सोडल्यावर कोड डी: १३ खाली किती सोडलं, कुठल्या टाकीतून आणि काय शिल्लक, १४ खाली सुरुवात आणि शेवटची वेळ, १५.१ खाली दोन्ही वेळची पोझिशन. स्लजच्या टाक्यांचं साप्ताहिक मोजमाप कोड सी, ११.१ ते ११.३ खाली. टाकीचं नाव आयओपीपी पुरवणीत आहे तसंच लिहायचं, इंजिन रूममध्ये बोलताना वापरतात ते नाही. होल्डिंग टाकीची साप्ताहिक नोंद ऐच्छिक आहे, पण केलेली बरी.

तपासणारा अधिकारी चार गोष्टी शेजारी ठेवतो: रेकॉर्ड बुक, साउंडिंगची वही, ब्रिजचं लॉगबुक आणि मॉनिटरची मेमरी. मॉनिटर तारीख, वेळ, अलार्म आणि सेपरेटरची स्थिती किमान १८ महिने साठवतो. तुमच्या सेपरेटरची क्षमता ताशी २ घनमीटर असेल आणि तुम्ही दोन तासांत ६ घनमीटर सोडल्याचं लिहिलं, तर बोलायला काही उरत नाही. मॉनिटरचं घड्याळही तपासा. ते चुकीच्या वेळेवर असेल तर खरी नोंदसुद्धा खोटी दिसते.

चूक झाली तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही, मधे मोकळी ओळ नाही. काम झालं की त्याच दिवशी लिहा. प्रत्येक नोंदीखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याची सही, भरलेल्या पानावर कॅप्टनची.

९. ऑफशोअर प्लॅटफॉर्मवर असाल तर

तिथेही इंजिन आणि यंत्रांच्या जागेतलं ड्रेनचं पाणी मार्पोलच्या १५ पीपीएममध्येच बसतं. पण विहिरीतून तेलासोबत येणारं प्रोड्यूस्ड वॉटर हे वेगळं प्रकरण आहे. ते मार्पोलमध्ये येत नाही. त्याच्यावर त्या त्या प्रदेशाचे नियम लागतात. ईशान्य अटलांटिकमध्ये ओस्पार या प्रादेशिक करारानुसार पाण्यात विखुरलेल्या तेलाची मासिक सरासरी लिटरला ३० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रात मासिक सरासरी २९ आणि एका दिवसाची कमाल ४२. हे आकडे एकमेकांशी थेट ताडून बघू नका, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि ‘तेल’ म्हणून काय धरलं जातं तेही.

पाण्याचं प्रमाण इतकं मोठं असतं की टाकीत निवळत ठेवणं परवडत नाही. म्हणून आधी थ्री-फेज सेपरेटर (तेल, पाणी आणि गॅस वेगळे करणारा), मग हायड्रोसायक्लोन, मग गॅसचे बुडबुडे सोडून तेल वर आणणारं फ्लोटेशन युनिट किंवा डिगॅसर. हायड्रोसायक्लोनमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. पाण्याच्या स्वतःच्या दाबाने भोवरा होतो, जड पाणी बाहेरच्या बाजूला आणि हलकं तेल मधल्या गाभ्यात येतं. रिजेक्ट म्हणून, म्हणजे वेगळं झालेलं तेलकट पाणी म्हणून, साधारण १ ते ३ टक्के प्रवाह मागे जातो. प्रवाह घटला की भोवरा मंदावतो, म्हणून प्रवाहानुसार काही लाइनर (भोवरा होतो त्या नळ्या) बंद करावे लागतात. रिजेक्टचं भोक अगदी लहान असतं आणि वाळूने चोंदतं. दाब नेहमीसारखे दिसेनात तर आधी बॅकफ्लश करा. १० मायक्रॉनखालचे थेंब त्याच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून आधीच्या टप्प्यातल्या चोक व्हॉल्व्हमध्ये (प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह) थेंब फुटले की खालचं सगळं बिनसतं.

पाणी अचानक बिघडलं तर आधी केमिकल इंजेक्शनच्या नोंदी बघा. गंजरोधक रसायनांमधली काही साबणासारखी वागतात. विहिरीत अॅसिड जॉब (विहीर मोकळी करायला अॅसिड सोडण्याचं काम) झाला असेल तर परत येणारं पाणी थोडे दिवस त्रास देणार, हे गृहीत धरून आधीच तयारी ठेवा.

नमुना घेण्यात नवे लोक सर्वाधिक चुकतात. काचेची बाटली हवी, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटतं. बाटली त्याच पाण्याने विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, आणि भरल्यावर त्यातलं थोडं ओतून द्यायचं नाही. नमुना जिथे प्रवाह चांगला ढवळलेला आहे तिथून घ्या. आडव्या पाइपच्या माथ्यावरून घेतला तर तेल जास्त दिसेल, तळातून घेतला तर कमी.

१०. उतरताना

हँडओव्हर नोटमध्ये ‘सेपरेटर ओके’ एवढंच लिहून जाऊ नका. शेवटचं साउंडिंग, सध्याच्या सीलचा नंबर, फिल्टर कधी बदलला आणि सुटे किती उरले, मॉनिटरच्या प्रमाणपत्राची मुदत, कुठला सील गळतोय, कुठलं ड्रेन कुठे वळवलंय, हे लिहा. येणाऱ्याला यंत्रासमोर उभं करून अलार्मची चाचणी एकदा दोघांनी मिळून करा आणि थ्री-वे व्हॉल्व्ह फिरताना त्याला दाखवा. गँगवेवर टॅक्सी उभी असली तरी.